सतरा नंबरचं दूध

काचसामानाच्या कोठीला आतून कडी नव्हती. म्हणून मी जमिनीवर बसायचे, पाठ दाराला, पाय समोरच्या खोक्यांना, आणि हातपंपाने दूध काढायचे. दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. समोर रिकाम्या बाटल्यांची खोकी, प्रत्येकावर 'नाजूक' असा छाप आणि 'ही बाजू वर' म्हणून बाण. बाहेरून कोणी दार ढकललं की पाठीनेच नको म्हणायचं. एकदा कुणीतरी फारच जोर लावला, तेव्हा बाहेरून कुलूपकाकांचा आवाज आला, "आत खोकी लावताहेत. अर्ध्या तासाने या."

कुलूपकाका आमच्या प्रयोगशाळेचे भांडारी. थंड खोली, फ्रीझर, कोठ्या, सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. नमुन्यांच्या फ्रीझरमध्ये खाण्यापिण्याची कुठलीही वस्तू ठेवू नये, हा लाल अक्षरांतला फलक त्यांनीच लावलेला. मी बाळंतपणाच्या रजेवरून परतले तेव्हा त्याच फ्रीझरचा सगळ्यात खालचा खण त्यांनी मला रिकामा करून दिला आणि सांगितलं की हा खण अडकतो, त्यामुळे आपण तिकडे कधी बघतच नाही.

गंमत अशी की माझं कामही दुधाचंच. गाईच्या दुधात लॅक्टोफेरिन नावाचं एक प्रथिन असतं, अगदी थोडं. लोह धरून ठेवणं हे त्याचं काम. जंतूंना वाढायला लोह लागतं. हे त्यांच्या तोंडचा घास आधीच उचलतं. त्याची घडण मी शिकत असल्यापासून इतकी वर्षं बघत आले होते की डोळे मिटले तरी दिसायची. दोन जवळजवळ सारखे अर्धे भाग, आणि प्रत्येकाला एक उघडमीट करणारा जबडा. लोहाचा कण आत आला की चार बोटांनी त्याला धरल्यासारखं होतं, जबडा मिटतो, आणि मग तो कण सुटत नाही. ढवळा, धुवा, सुटत नाही. चांगलं आंबट झालं तरच पकड सैल पडते. लोह धरलेलं हे प्रथिन फिकट गुलाबी दिसतं, तान्ह्या बाळाच्या नखांसारखं.

ते कसं विणायचं याची कृती प्रत्येक गाईच्या जनुकात असते, आणि गाईगाईंत तिच्यात कुठे एखाद्या अक्षराचा फरक असतो. शेजारच्या गोठ्यातल्या चाळीस गाईंचे हे फरक शोधायचे, प्रत्येकीच्या दुधातून प्रथिन काढायचं, त्याचे स्फटिक वाढवून क्ष-किरणांनी त्याचा आकार बघायचा, हे आमचं काम. माझी नेमणूक एक वर्षाची. ती संपायला दोन महिने उरले होते. मुदतवाढ हवी तर काहीतरी सापडायला हवं होतं, आणि इथे चाळीसच्या चाळीस गाई साध्यासुध्या, सरळमार्गी.

घरी भिंगरी. चार महिन्यांची. खरं नाव कागदावर आहे. पण हातपाय एकसारखे फिरवत राहते म्हणून सासूबाईंनी हे ठेवलं आणि तेच चिकटलं. नवरा दूर बोगद्याच्या कामावर, त्यामुळे घरात आम्ही तिघी आणि दीड खोली. मी निघताना भिंगरी सासूबाईंच्या कडेवरून माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरायची. एकेक बोट सोडवावं लागायचं. चार बोटं आणि वर अंगठा. लोहाचा कण बरा, असं वाटायचं. त्याला निदान नऊची हजेरी नसते.

सासूबाईंचा जीव नातीवर, आणि बोलणं माझ्यावर. वाईट नव्हत्या. पण आपल्याला जे दिसतं ते बोलून टाकायचं, मग समोरचा मेला तरी चालेल, असा त्यांचा खाक्या. आदल्या दिवशीचं दूध मी घरी आणायचे आणि त्या बाटली उजेडाकडे धरून बघायच्या. त्या एका सकाळीही तसंच.

"पातळ आहे गं तुझं दूध," त्या म्हणाल्या. "निळं पाणी नुसतं. पोर किरकिरणार नाही तर काय करणार?"

मी पिशवी उचलली. बस गाठायची होती. पण ते वाक्य दिवसभर माझ्याबरोबर हिंडलं, चपलेत खडा गेल्यासारखं.

त्या आठवड्यात मला दोन दिवस परगावी जायचं होतं. तिथलं क्ष-किरणांचं यंत्र आमच्यापेक्षा शंभरपट ताकदीचं, आणि त्याची पाळी मिळायला महिने लागतात. त्यासाठी मी खालच्या खणात दुधाचा साठा करून ठेवला होता. तो घरी पोचवला आणि गेले. दोन दिवसांनी परत आले तर भिंगरी मलूल पडलेली. पोट बिघडलेलं, लंगोटात रक्ताची एक बारीक रेघ. मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं, पोट दाबून बघितलं आणि सहज विचारलं की बाळाला गाईचं दूध वगैरे पाजलं होतं का. काही काही पोरांना सोसत नाही.

मी नाही म्हटलं. मग मान वळवून सासूबाईंकडे बघितलं.

त्यांनीही नाही म्हटलं. पण मला वाटलं, जरा उशिराच म्हटलं. घरी आल्यावर मी बोलायला नको ते बोलले. तुम्हाला माझं दूध पातळच वाटतं ना, मग घातलंत तुमच्या मनासारखं. पोरीच्या जिवाशी खेळ झाला. त्या उभ्या होत्या त्या खाली बसल्या. म्हणाल्या, मी तुझ्या बाटल्यांखेरीज तिच्या ओठाला थेंब लावला नाही. मी म्हटलं, मग काय आकाशातून पडलं? त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. बाटली कुठेय, लंगोट वाळले का, दार लावून घ्या. भिंगरी तीन दिवसांत खडखडीत बरी झाली. घर झालं नाही.

आणि त्याच आठवड्यात सतरा नंबर सापडली.

सतरा नंबर ही गोठ्यातली काळी-पांढरी, मधल्या चणीची गाय. तिची आणि माझी आधीपासून ओळख होती, कारण आम्ही दोघी एकाच आठवड्यात बाळंत झालो होतो. गोठ्याची डॉक्टरीण मला 'सतरा नंबरची जाऊ' म्हणायची. तर त्या गाईचं दूध मी नेहमीसारखं फिरवून साय काढली, गाळलं, नळीतून सोडलं, आणि शेवटी मीठपाण्याने प्रथिन उतरवून घेतलं. एरवी नळीच्या तळाशी गुलाबीची जेमतेम झाक दिसते. या वेळी अख्खा पट्टा उतरला. मोजलं. पुन्हा मोजलं. दहापट भरलं.

गाईची कास सुजली की हे प्रथिन वाढतं, म्हणून आधी तेच तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कास लोण्यासारखी, गाय ठणठणीत. मग मी सरांकडे गेले.

आमचे सर म्हणजे सत्तावीस वर्षं दुधातल्या एका प्रथिनामागे लागलेला माणूस. आवाज कधी चढत नाही, प्रत्येक गोष्टीला उत्तर एकच, 'बघू या.' त्यांनी ती गुलाबी बाटली खिडकीकडे धरली, अगदी सासूबाईंसारखी, आणि बराच वेळ धरून ठेवली. "आयुष्यात एकदा अशी गाय भेटते," ते हळूच म्हणाले. माझ्या मुदतवाढीचा अर्ज त्यांच्या मेजावर तीन आठवडे पडून होता. त्यांनी तो माझ्यासमोर वर काढला आणि काचेच्या वजनाखाली ठेवला. अनुदान देणाऱ्या समितीला त्याच दुपारी कळवलं. समिती महिन्याभराने गाय बघायला येणार असं ठरलं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगायला हवं, कारण त्यातला बराच भाग मी नुसता उभा राहून पाहिला.

सतरा नंबरचं दुसऱ्यांदा दूध घेतलं, तर त्यात प्रथिन नेहमीएवढंच. तिसऱ्यांदाही तेच. रक्तातून जनुक वाचलं. हे प्रथिन किती बनवायचं ते जिथे ठरतं तो तुकडाही वाचला. बाकीच्या गाईंसारखाच. कुणी म्हणालं असतं की पहिल्या मोजणीत गडबड झाली. पण गुलाबी बाटली समोर होती, तिला खोटं कसं म्हणणार? सर म्हणाले, कृती तीच असेल, पण एखादी कळ दाबली जात असेल. केव्हा दाबली जाते ते शोधू या. म्हणून सतरा नंबरला कळपातून काढून वेगळ्या खोलीत ठेवलं. दिवसातून चार वेळा दूध, दोन वेळा रक्त. वासरू जवळ असल्याने फरक पडतो का ते बघायला वासरू तिच्यापासून तोडलं. ती हलायला लागली म्हणून तिला लोखंडी खोड्यात उभी केली, मान दोन नळ्यांच्या मधे. ती पान्हा चोरायला लागली.

तो गोठा आमच्या इमारतीच्या मागेच. ती हंबरली की थंड खोलीतही ऐकू यायचं. थंड खोली म्हणजे चार अंशांवर ठेवलेली, खिडकी नसलेली, जाड दाराची पेटी. मी तिच्यात लोकरीचा कोट घालून दिवसाचे चार तास उभी असायचे. ती हंबरायची आणि माझ्या अंगात पान्हा दाटून यायचा. कोटाखाली ब्लाउज भिजायचा आणि गार पडायचा. मी दोन्ही हात छातीवर घट्ट दाबून उभी राहायचे आणि समोरच्या नळीतून थेंब पडताना मोजायचे. इथून सुटायला अजून किती थेंब, ते.

डॉक्टरीणबाई एकदा नमुने घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, सुई दिसली की आता ती स्वतःच मान पुढे करते. मारकी झाली असती तर मला बरं वाटलं असतं. आणि वासराचंही ठरलंय, ते शनिवारी दुसऱ्या गोठ्यावर जाणार, एकदा गेलं की ही त्याला ओळखायची नाही.

मी म्हटलं, स्फटिक आलेत. एकदा आकार कळला की कळेल काय ते.

स्फटिक छानच आले होते. सुईसारखे, लालसर. मी ते त्या मोठ्या यंत्राकडे पाठवले आणि चार दिवसांनी तिकडून सगळी माहिती परत आली. ती गुरुवारची सकाळ. वाचणाऱ्याला या कामाची कल्पना यावी म्हणून सांगते: पडद्यावर एक निळी जाळी दिसते, हवेत विणल्यासारखी. तो प्रथिनाचा ठसा. त्या जाळीत आपण मणी ओवत जायचे, गाईच्या जनुकात ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने, सहाशे एकोणनव्वद मणी. लहान मण्याच्या जागी जाळी लहान, मोठ्याच्या जागी मोठी. माळ बरोबर असेल तर प्रत्येक मणी आपल्या जागी बरोब्बर बसतो.

सुरुवातीलाच एक बसेना. लहान मणी होता आणि जाळी पसरट, मोठी. सापडला फरक. चहाही न पिता पुढे गेले. तिसऱ्या ओळीत आणखी एक. मग लागोपाठ दोन. दुपारपर्यंत मी साठ मोजले होते आणि आनंद कधीच ओसरला होता. एका गाईत दुसऱ्या गाईपेक्षा इतके फरक नसतात. इतके फरक दोन वेगळ्या जातींच्या प्राण्यांत असतात.

मी गाईची माळ बाजूला केली. जगात ठाऊक असलेल्या दुसऱ्या माळा आमच्याकडे असतातच, म्हशीची, घोडीची, उंटिणीची. त्या नाही घेतल्या. का कोण जाणे, मी सरळ माणसाची घेतली.

पहिला मणी बसला. दुसरा बसला. पसरट जाळीत पसरट मणी, चिंचोळ्या जागी चिंचोळा. शेवटपर्यंत एकही अडला नाही. मी पडद्यासमोर हात मांडीत ठेवून बसून राहिले. जबडा मिटलेला होता आणि आत लोहाचा कण होता, चार बोटांत धरलेला. बाईच्या दुधात हे प्रथिन गाईच्या दहापट असतं हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं.

मग आठवलं.

परगावी जायच्या आदल्या दिवशी, त्या 'निळं पाणी' म्हटलेल्याच दिवशी, सकाळी दोन तास वीज गेली होती. माझ्या घरच्या बाटल्या संपल्या होत्या, म्हणून शेवटचं दूध मी प्रयोगशाळेच्या स्वच्छ बाटलीत भरलेलं. आणि सतरा नंबरचं दूध आदल्या संध्याकाळी उशिरा आलं; कुलूपकाका वरचे खण बंद करून गेले होते, म्हणून मी ते माझ्याच खणात ठेवलं. दोन्ही बाटल्या सारख्या. वीज आल्यावर मी खण ओढला तर बर्फ पाघळला होता आणि दोन्ही कागदी चिठ्ठ्या सुटून तळाला पडल्या होत्या. एका बाटलीतलं दूध दाट, पिवळसर, वर सायीचा जाड थर. दुसरीतलं पातळ, निळसर.

मी दोन्ही हातांत दोन बाटल्या घेऊन किती वेळ उभी होते? फार तर दोन श्वास. तेव्हा खरं काय ते मला ठाऊक नव्हतं असं मी आजही शपथेवर सांगेन. पण विचारता आलं असतं, तपासता आलं असतं, दोन्ही ओतून टाकता आली असती. मी ते केलं नाही. दाट बाटली मला माझी असायला हवी होती. तिच्यावर मी माझी चिठ्ठी लावली, आणि ती घरी गेली. निळसर पाणी गाईच्या नावावर गेलं.

म्हणजे भिंगरी ते दूध प्याली. मी काढून ठेवलेलं, मी चिठ्ठी लावलेलं, मी स्वतः सासूबाईंच्या हातात दिलेलं.

आमच्या कामात एक शिस्त असते. रोजची नोंदवही बांधीव असते, पानांवर आकडे छापलेले. पान फाडायचं नाही, काही खोडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, सही करायची, आणि ज्याला ते ठाऊक आहे अशा दुसऱ्या माणसाची सही घ्यायची. मी नवीन होते तेव्हा हे सरांनीच शिकवलं होतं. चूक झाकली की ती सडते, असं म्हणाले होते.

मी आधी त्यांच्याकडेच गेले. दार लावलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, खण, भिंगरीचं पोट. ते ऐकत होते आणि त्यांचा हात त्या काचेच्या वजनावर होता. बोलून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"वहीत लिहिलंयस हे?"

अजून नाही, म्हटलं.

मग ते खूप मऊपणे बोलले. मला रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, नमुने खराब होतात. हाही खराब झाला असं लिही, एवढंच. समिती मंगळवारी येतेय. त्यांना गाय दाखवू, पुढे काम चालू आहे म्हणू. दोन-चार महिन्यांत आपोआप विषय मागे पडेल. तुझी मुदतवाढ होईल, पोर मोठी होईल. तू खरं लिहिलंस तर फ्रीझरमध्ये तुझं दूध होतं हेही लिहावं लागेल, आणि मग तो खण कुणी दिला, हेही कुणीतरी विचारेल. त्या म्हाताऱ्याला निवृत्तीला एक वर्ष उरलंय.

मी विचारलं, "आणि सतरा नंबर?"

"तिला काय धाड भरलीय?" सर म्हणाले. "खातेय, पितेय. मंगळवारपर्यंत तर प्रश्न आहे."

त्या खोलीचं दार माझ्यामागे होतं, उघडून निघाले असते तर कुणी अडवलं नसतं. पण मला पाऊल उचलता येईना. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर कुलूपकाका. लिहिलं तर त्यांना बुडवीन. नाही लिहिलं तर ती गाय खोड्यात, तिचं वासरू शनिवारी गाडीत, आणि घरात एक बाई न केलेल्या पापाचं ओझं वागवत माझ्या पोरीचे लंगोट धुतेय. खरं सांगायचं तर मला मुदतवाढही हवी होती. फार हवी होती. मी 'बघते' म्हटलं.

तेवढ्यात ती हंबरली. आणि माझा पान्हा फुटला, तिथेच, सरांच्या समोर. ओढणी पुढे घ्यायला हात वर जाईपर्यंत डाग पसरला होता. सरांनी मान खिडकीकडे वळवली. चांगलं माणूस. सत्तावीस वर्षं दुधाचा अभ्यास आणि दूध दिसल्यावर कुठे बघावं ते कळेना.

मी खाली भांडारात गेले. कुलूपकाका किल्ल्यांना तेल देत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मी म्हटलं, काका, तुमचं नाव न येता लिहिता येतं का ते मी बघतेय, पण खण कुठला ते लिहिल्याशिवाय पुढचं खरं वाटत नाही. त्यांनी तेलाची कुपी बंद केली, बोटं पुसली, सगळं सावकाश.

"ताई, कुलूप माझं, किल्ली माझी," ते म्हणाले. "मग साक्षीदार म्हणून दुसऱ्या कुणाला शोधता?"

मग मी वही उघडली. पान एकशे बारा. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'नमुना: गाय क्रमांक १७.' त्यावर मी एक रेघ मारली, सरळ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं की हे दूध गाईचं नसून माझं स्वतःचं आहे. कुठे ठेवलं होतं, चिठ्ठ्या कशा पडल्या, कुणी आणि कोणत्या समजुतीने लावल्या. 'कोणत्या समजुतीने' इथे पेन जरा अडलं. लिहिलं: दाट दूध माझं आहे असं मला वाटलं. सही केली. कुलूपकाकांनी चष्मा लावून पूर्ण मजकूर वाचला, सही केली, आणि तिच्याखाली कुणी न विचारता आपला हुद्दा लिहिला.

वही मी सरांच्या मेजावर उघडी ठेवली. त्यांनी वाचली, मिटली, पुन्हा उघडून वाचली. मी जिना उतरत होते तेव्हा ते फोनवर समितीतल्या कुणाला तरी चिठ्ठ्यांची अदलाबदल सांगत असल्याचं ऐकू आलं, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. मुदतवाढीबद्दल नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, बघू या. त्यांच्या 'बघू या'चे प्रकार मला ओळखता येतात. हा नकाराचा होता. कुलूपकाकांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी त्या लाल फलकाशेजारीच लावली.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दुपारी खोडा उघडला. मी बघायला गेले होते. मानेवरची नळी वर उचलली तरी सतरा नंबर कितीतरी वेळ तशीच उभी होती, मान त्याच जागी धरून. वासरू आणून समोर सोडलं तेव्हा कुठे तिने एक पाय मागे घेतला.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून वाळलेल्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या. भिंगरी त्यांच्या मांडीवर, एक घडी मोडण्यात गुंतलेली. मी चप्पल न काढता दारातच सांगायला लागले, कारण आत जाऊन बसले असते तर सांगून झालं नसतं. गाईची बाटली, माझी बाटली, चिठ्ठ्या. दाट आणि पातळ. तुम्ही काही केलं नव्हतं, मीच केलं, आणि वर तुम्हाला बोलले.

त्या घड्या घालतच राहिल्या. दोन झाल्या, तीन झाल्या.

"म्हणजे पोरीने गाईचं प्यालं," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि तुझं साहेबांनी घोटलं?"

"हो."

"आणि पातळ होतं ते तुझं."

"हो."

"मग मी काय म्हणत होते?"

मी म्हटलं, पातळ होतं, पण त्यात ते लोह धरणारं दहापट होतं, म्हणून तर एवढं सगळं झालं. त्या म्हणाल्या की ते तुझ्या यंत्राला दिसतं, मला पातळ दिसलं ते मी म्हटलं. मग घडी हातात तशीच धरून थांबल्या. डोळे माझ्याकडे नव्हते.

"तेवीस दिवस बोलली नाहीस तू माझ्याशी," त्या म्हणाल्या. "मी रोज मोजत होते. रोज त्या बाटल्यांचा वास घेऊन बघत होते, की माझ्याच हातून काही झालं का." मग घडी खाली ठेवून म्हणाल्या, "मी दोन दिवस बोलणार नाही. दोनच घेते. पण ते माझे आहेत."

मी मान हलवली. चप्पल काढली, हात धुतले आणि त्यांच्या शेजारी बसले. भिंगरीने मला बघितलं आणि सगळे हातपाय एकदम फिरवायला सुरुवात केली. सासूबाईंनी तिला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि तोंड भिंतीकडे करून तिलाच सांगितलं:

"भिंगरे, तुझ्या आईला म्हणावं, ताट झाकून ठेवलंय. आधी जेव म्हणावं, मग पाज."

पण भिंगरीने तोवर ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. या वेळी मी बोटं सोडवली नाहीत.